शाळेचं मंत्रिमंडळ दिवाळीनंतर गप्प का होतं?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते आठवी, पट १६४, आम्ही शिक्षक सहा. जुलैत मोबाईलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपवर शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली. प्रचार, बोटाला शाई, शपथविधी, सगळं झालं. मुलं खूश होती. आता दिवाळीनंतर बघते तर मुख्यमंत्री फक्त परिपाठाला रांगा लावतो आणि बाकीच्यांना आपलं खातं कुठलं हेही आठवत नाही. बैठक घेतली की मुलं खाली बघतात. फारच विचारलं तर 'सहल काढा', 'बॅट आणा'. मुली तर एक शब्द बोलत नाहीत. मुख्याध्यापक सर चांगले आहेत, पण म्हणतात, 'मॅडम, पोरांना फार डोक्यावर बसवू नका, उद्या आपल्यावरच तक्रारी येतील.' मुलांनी बोलावं, जबाबदारी घ्यावी असं मनापासून वाटतं. कुठून सुरुवात करू?
– एक शिक्षिका

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलांनी जुलैत मतदान उत्तम केलं. त्यानंतर त्यांना करायला काहीच उरलं नाही. अर्थमंत्र्याच्या हातात एक रुपया नाही, आरोग्यमंत्र्याकडे साबणाच्या कपाटाची किल्ली नाही, क्रीडामंत्र्याला चेंडू हवा असेल तर सरांनाच विचारावं लागतं. मग खातं लक्षात राहील कशाला? जे पद वापरायचंच नाही ते मुलं विसरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मुलांच्या गप्प बसण्याकडेही जरा नीट बघा. पहिलीतलं मूल गप्प नसतं, ते तुम्हाला दिवसभर काही ना काही सांगत असतं. पुढच्या चार-पाच वर्षांत कधीतरी ते 'बाई, नळाला पाणी येत नाही' म्हणालं, त्याला 'बघू' असं उत्तर मिळालं, आणि पुढे कोणीच काही बघितलं नाही. असं चार वेळा झालं की मूल सांगणं सोडतं. म्हणून तुमच्या शाळेत सगळ्यात आधी उत्तर द्यायची पद्धत बसवायला हवी. मुलांना भाषण शिकवायची घाई नको. विचारलेल्याचं उत्तर ठरलेल्या दिवशी येतं हे एकदा दिसलं की बोलायला फार शिकवावं लागत नाही. खालची सगळी मांडणी या एका गोष्टीसाठी आहे.

पहिलं काम मुलांसोबत नाही, मुख्याध्यापकांसोबत आहे. अर्धा तास मागून घ्या आणि दोघं मिळून तीन याद्या करा. पहिल्या यादीत मुलं स्वतः ठरवतील अशा गोष्टी: पुस्तकं कोणत्या वारी, कोणत्या वेळी द्यायची, खेळाचं साहित्य कुठल्या वर्गाला कधी मिळेल, वर्गात कोणी कुठे बसायचं, भित्तिपत्रकाचा विषय, परिपाठातली ठरावीक दोन मिनिटं. दुसऱ्या यादीत मुलं आणि शिक्षक मिळून ठरवतील त्या गोष्टी: जेवणाची रांग, मधल्या सुट्टीची वेळ, एका दिवशी किती विषयांचा गृहपाठ, सहलीचं ठिकाण, वर्गाचे नियम आणि ते मोडल्यावर काय करायचं. तिसऱ्या यादीत मुलं मत देऊ शकतात, पण निर्णय शाळेच्या बाहेर होतो अशा गोष्टी: शिक्षकांच्या बदल्या, परीक्षांच्या तारखा, पाठ्यपुस्तकं, सुट्ट्या.

पहिल्या यादीत निदान पाच गोष्टी हव्यात. त्या लहान असल्या तरी चालतील, खऱ्या हव्यात. म्हणजे मुलांनी ठरवलेलं तुम्हाला आवडलं नाही तरी ते मोडायचं नाही. मुलांनी पुस्तकांसाठी गैरसोयीचा वार निवडला तर महिनाभर तसंच चालू द्या, त्रास झाला की तीच तो बदलतील. तिसरी यादीही वर्गात वाचून दाखवा. मुलांना 'हे आपल्या हातात नाही' हे आधी कळलं तर राग येत नाही. पंधरा दिवस चर्चा करून मग कळलं, तर पुढच्या वेळी ती तोंड उघडणार नाहीत.

आता वर्गसभा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. आनंददायी शनिवारच्या, म्हणजे दप्तराशिवायच्या उपक्रमांच्या तासांत ती सहज बसते. सहा शिक्षक आणि आठ वर्ग, म्हणजे पहिली-दुसरी एकत्र आणि तिसरी-चौथी एकत्र बसवा. सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं, शिक्षकानेही. खुर्चीवर बसलेल्या शिक्षकासमोर मुलं उत्तर देतात, आपसात बोलत नाहीत. हातात डस्टर असेल त्याने बोलायचं. नको असेल तर 'पुढे' म्हणून डस्टर पुढे द्यायचा, आणि 'पुढे' म्हटल्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

'तुम्हाला काय हवं?' हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर सहल आणि बॅट असंच येणार, कारण हा प्रश्न दुकानात उभं करून विचारल्यासारखा आहे. त्याऐवजी विचारा: शाळेत दिवसातली कोणती वेळ नकोशी वाटते? शाळेत कुठे जायचं टाळता? काल कोणाला एखाद्या गोष्टीसाठी ताटकळत थांबावं लागलं? प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण शिक्षक दोन-तीन सेकंदांत दुसरा प्रश्न विचारतो आणि विचार करणारं मूल मागे पडतं. बोलण्याआधी तीन मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, नाव न घालता. हे वगळू नका. चिठ्ठी नसेल तर पहिला बोलणारा जे म्हणेल तेच पुढचे पंधराजण म्हणतात.

पहिली-दुसरीसाठी वेगळं. कार्डशीटवर शाळेचा साधा नकाशा काढा: वर्ग, नळ, शौचालय, मैदान, स्वयंपाकाची खोली, गेट. प्रत्येक मुलाला एक हिरवी आणि एक लाल टिकली द्या. आवडतं तिथे हिरवी, भीती वाटते किंवा जावंसं वाटत नाही तिथे लाल. टिकल्या लावून झाल्यावर 'इथे लाल का?' एवढंच विचारा. शौचालयाच्या दारापाशी लाल टिकल्यांची गर्दी झाली, तर कडी उंचावर आहे, आत अंधार आहे की मोठी मुलं दार ओढतात, हे त्यांच्याकडूनच कळेल.

चिठ्ठ्यांतून साधारण पाच विषय निघतात. त्यातला कोणता पुढे न्यायचा हे ठरवायला हात वर करायला लावू नका. हात वर करताना मुलं आधी वर्गातल्या दांडग्या मुलाकडे बघतात. पाच डबे घ्या, झाकणाला भोक पाडा, डब्यावर विषय लिहा आणि डबे कपाटाच्या आड ठेवा. प्रत्येकाला तीन चिंचोके. तिन्ही एका डब्यात टाका, नाहीतर वाटून टाका. मोजणी सगळ्यांसमोर. दहा मिनिटांत होतं, खर्च नाही, आणि कोणी कुठे टाकला हे कोणाला कळत नाही.

एक नियम मात्र कडक पाळा. या अर्ध्या तासात कोणाचीही भाषा सुधारायची नाही. मूल 'नळाला पानी न्हाय' म्हणालं तर विषय पाण्याचा आहे. 'पाणी म्हण' असं एकदा म्हटलंत तर ते मूल आणि त्याच्यासारखं बोलणारी दहा मुलं वर्षभरासाठी गप्प होतील. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेली मुलं वर्गात असतील तर त्यांनाही चिठ्ठी, चिंचोके आणि गोलात जागा मिळाली पाहिजे. लिहिता येत नसेल तर चित्र काढू दे, किंवा जवळच्या मैत्रिणीच्या कानात सांगू दे.

प्रतिनिधी निवडण्याबद्दल. सध्याचं मंत्रिमंडळ मोडू नका. मुलांनी त्यांना निवडून दिलंय, आणि आपण मोठ्यांनी ते मधेच काढून टाकलं तर मतदानाचा चांगला धडा पुसला जाईल. डिसेंबरअखेर त्यांची मुदत संपते असं जाहीर करा, परिपाठात त्यांचे आभार माना, आणि जानेवारीपासून नवी रचना आणा. मोठी निवडणूक नागरिकशास्त्राचा उपक्रम म्हणून दरवर्षी जरूर घ्या. पण कारभारासाठी माणसं निवडायची ती पद्धत नव्हे. तिच्यात उंच, धीट, चांगलं बोलणारा किंवा गावात वजन असलेल्या घरातला मुलगा निवडून येतो, आणि हरलेला 'मला कोणी मत दिलं नाही' हे वर्षभर मनात ठेवतो.

तिसरी ते आठवी, प्रत्येक वर्गातून एक मुलगी आणि एक मुलगा, असे बाराजण. अर्ज नाही, प्रचार नाही. प्रत्येक मूल चिठ्ठीवर एका मुलीचं आणि एका मुलाचं नाव लिहितं आणि पुढे कारण: 'कारण ती भांडण सोडवते', 'कारण तो सांगितलेलं विसरत नाही'. नाव वाचताना कारणही मोठ्याने वाचायचं. कोणाबद्दल वर्गाला काय वाटतं हे त्या मुलाला पहिल्यांदाच कळतं, आणि ज्याने कधी हात वर केला नाही असं मूल पुढे येतं. निवड झाल्यावर 'तुला चालेल का?' असं विचारायचं; नाही म्हणायचा हक्क खरा ठेवायचा. मुदत तीन महिने, लगेच पुन्हा नाही. जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च असं चालवलं तर वर्षात छत्तीसपर्यंत मुलं कारभार करून बघतात. पहिली-दुसरीच्या लाल टिकल्यांचे विषय सभेत मांडायला दोन मोठ्या मुली किंवा मुलगे जोडून द्या.

मंत्रिपदांऐवजी काम द्या. पाणी आणि साबण, जेवण, पुस्तकं, खेळाचं साहित्य, आणि नोंदी, असे पाच गट पुरेत. प्रत्येक गटाला एक खरी वस्तू द्या: किल्ली, रजिस्टर, मोजमाप. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या विचारांवर चाललेल्या शाळेत, मुलं सफाई, स्वयंपाक अशा कामांसाठी आपले मंत्री निवडत, आणि त्या मंत्र्यांना आमसभेपुढे कामाचा हिशेब द्यावा लागे. तिथे मंत्री या शब्दाला काम जोडलेलं होतं.

जेवणाच्या गटाचं उदाहरण घ्या. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, तर सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ असं प्रमाण ठरलेलं आहे. आज प्राथमिकचे ९६ आणि वरच्या वर्गांचे ५८ हजर असतील तर तांदूळ ९.६ अधिक ८.७, म्हणजे १८.३ किलो. हा हिशेब गणिताच्या तासाला फळ्यावर करा. आठवड्यातून एकदा गटाने वजनाच्या वेळी उभं राहायचं, त्या दिवशी ताटात किती उरलं तेही लिहायचं. मात्र आधी स्वयंपाकी ताईंशी तुम्ही बोला. मुलं पाळत ठेवायला आली असं त्यांना वाटलं तर पहिल्याच दिवशी सगळं बिघडेल. 'ताई, कोणत्या दिवशी भाजी जास्त उरते?' असा मुलांचा पहिला प्रश्न असू दे. स्वयंपाकी ताईंना पट्टीच्या शिक्षकापेक्षा जास्त माहिती असते.

आता वही. शंभरपानी, कडक पुठ्ठ्याची, एकच. सहा रकाने आखा: तारीख, विषय, कुठल्या वर्गातून, उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, उत्तर आणि कारण. वर्गसभेतून आलेला विषय बाराजणांच्या शाळासभेत येतो. ही सभा पंधरा दिवसांतून एकदा, चाळीस मिनिटं, शाळेच्या वेळेत. मधल्या सुट्टीत घेतली तर खेळ बुडाल्याची शिक्षा वाटते, आणि शाळा सुटल्यावर घेतली तर वाडीवरून येणाऱ्या मुली थांबू शकत नाहीत. सभेत एका वेळी दोनच विषय. उत्तराची मुदत शाळेचे दहा दिवस. उत्तरं तीनच प्रकारची असू शकतात: 'हो, अमुक तारखेपर्यंत होईल'; 'नाही, आणि कारण हे'; 'माहिती घ्यावी लागेल, अमुक तारखेला सांगतो'. 'बघू' हे उत्तर वहीत लिहायचं नाही. खाली मुख्याध्यापकांची सही. सोमवारच्या परिपाठात दिनविशेषानंतर दोन मिनिटं वही वाचायची: काय विचारलं होतं, काय उत्तर आलं. वाचणारं मूल दर आठवड्याला वेगळं.

'नाही' लिहायला घाबरू नका. कारणासह आलेलं नाही मुलं पचवतात, आणि पुष्कळदा त्या कारणावरच काम करून परत येतात. उत्तरच न आलेल्या दोन ओळी वहीत तशाच राहिल्या, तर मात्र वही संपली म्हणून समजा.

ही वही कशी चालते ते एका विषयावर बघू. समजा आठवीतून आलं, 'मधल्या सुट्टीत नळाला गर्दी होते, पाणी मिळत नाही, मोठी मुलं लहानांना ढकलतात.' पाणी गटाने आधी मोजायचं. नळ चार. एका मुलाला हात धुऊन पाणी प्यायला सरासरी ३० सेकंद लागले, तर मिनिटाला आठ मुलं होतात. १६४ मुलांना वीस मिनिटांहून जास्त लागतील, आणि सुट्टी दहा मिनिटांची. म्हणजे ढकलाढकली हा मुलांच्या स्वभावाचा दोष नसून वेळेचं गणित चुकलेलं आहे. हे मुलांनी स्वतः घड्याळ लावून मोजलं की सभेतली भाषा बदलते. 'ते ढकलतात' याच्या जागी 'आपल्याला दहा मिनिटं कमी पडतात' येतं. मग उपाय सुचतात. पहिली ते चौथीची सुट्टी दहा मिनिटं आधी. बाटली भरणाऱ्यांसाठी एक नळ वेगळा. शाळा भरायच्या आधी बाटल्या भरून घेणं. यातलं काही दुसऱ्या यादीत बसतं, तुम्ही आणि मुख्याध्यापक लगेच हो म्हणू शकता. दोन आठवडे करून बघा आणि पुन्हा मोजा.

'आणखी दोन नळ हवेत' ही मागणी आली, तर ती पालक-शिक्षकांच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे जाते. इथे मुलांना पैशाची वाटही दाखवा. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांत १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान आहे, आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम कमी असेल, उशिरा आली असेल, तर तेही सांगा. गावातल्या प्लंबरकडून दोन नळांचा खर्च लिहून आणायचं काम सातवीच्या दोघांना द्या. तो कागद जोडलेली मागणी समिती टाळू शकत नाही.

मुलांच्या हातात थोडा पैसाही द्या. तीन महिन्यांना ५०० ते १,००० रुपये, समितीच्या संमतीने लोकवर्गणीतून. रोकड शाळेच्या कपाटात, हिशेबाची वही मुलांकडे, प्रत्येक खर्चाला पावती आणि त्यावर दोन मुलांच्या सह्या. बहुतेक शाळांत इथेच माती होते. मुलं दोरीउड्यांच्या दोऱ्या म्हणतात, आणि आपण 'त्यापेक्षा शब्दकोश घ्या' म्हणतो. दोऱ्या घेऊ द्या. स्वस्त घेतल्या आणि आठवड्यात तुटल्या तर पुढच्या सभेत त्याचा हिशेब तीच देतील, आणि पुढची खरेदी दोन दुकानं फिरून करतील.

मुलींचं स्वतंत्रपणे बघा. त्यांना बोलता येत नाही असं नाही. त्यांना बोलायच्या आहेत त्या गोष्टी मुलांसमोर आणि सरांसमोर बोलण्यासारख्या नसतात: शौचालयाची कडी, पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला आणि टाकायला जागा, वाटेत पडणारे टोमणे. सहावी ते आठवीच्या मुलींची सभा महिन्यातून एकदा वेगळी घ्या, शिक्षिकेसोबत. मीना राजू मंच (मुलामुलींच्या समानतेसाठीचा शाळेतला गट) चालू असेल तर त्याच वेळेत. तिथला कोणता विषय मोठ्या सभेत न्यायचा आणि कोणी मांडायचा, हे मुलीच ठरवतील. मोठ्या सभेत पहिली पाळी मुलीची, मग मुलगा, मग मुलगी. नोंदी गटातल्या एकाने प्रत्येक बोलण्याला एक रेघ मारायची, मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या बाजूला. शेवटी रेघा मोजून दाखवायच्या, बाकी काही बोलायचं नाही. मुलं ते आकडे बघून स्वतःच सावरतात.

शाळेतली रोजची कामंही तपासा. पाहुणे आले की रांगोळी आणि औक्षण मुली करतात, माईक आणि सूत्रसंचालन मुलगे, असं असेल तर सभेत कितीही समानता शिकवली तरी मुलींना आपली जागा कुठे आहे ते कळलेलं असतं. आलटून पालटून करा. मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, सजावटीला उभं करणं आणि नावापुरतं बसवणं. हार्ट त्यांना सहभाग मानतच नाहीत. स्वागताला फुलं घेऊन तासभर उन्हात उभी राहिलेली मुलं दुसऱ्या पायरीवर असतात.

मॉनिटरकडून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून घेणं याच आठवड्यात बंद करा. एका मुलाला पहारेकरी केलं की नेतृत्व म्हणजे चुगली करण्याचा अधिकार, हे चाळीस डोळे शिकतात. वर्ग शांत ठेवायची अडचण खरी आहे. तीच पहिल्या वर्गसभेचा विषय करा.

आता मुख्याध्यापक सरांची भीती. ती चुकीची नाही, तिला उत्तर द्या. नियम असा: सभेत कोणाचंही नाव घ्यायचं नाही, विद्यार्थ्याचं नाही, शिक्षकाचं नाही. काय होतं, कुठे, कधी, एवढंच. 'अमुक सर ओरडतात' हा सभेचा विषय नाही. 'चूक झाल्यावर सगळ्यांसमोर ओरडलं तर पुढे विचारायची भीती वाटते' हा आहे. सहकाऱ्यांनाही हा नियम आधीच सांगा, म्हणजे कोणी ताठरणार नाही. सरांकडे एकच गोष्ट मागा: तीन महिन्यांसाठी, दहा दिवसांतून एकदा, वहीवर उत्तर आणि सही. पसंत नाही पडलं तर मार्चमध्ये थांबवू. मर्यादित मुदत असली की हो म्हणणं सोपं जातं.

कायदा तुमच्या बाजूला आहे, पण तो सरांपुढे नाचवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं बारावं कलम मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा आणि त्या मताला वयानुसार वजन मिळण्याचा हक्क देतं. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आणि जवळचं म्हणजे, आपल्या राज्यात शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी असतात, त्यातली किमान एक मुलगी. त्यांना मत नसतं, पण बसायचा आणि बोलायचा हक्क असतो. बहुतेक ठिकाणी ही दोन नावं रजिस्टरला लागतात आणि मुलं बैठकीला नसतात, किंवा चहा द्यायला असतात. ही दोन जागा शाळासभेतून भरा. बैठकीच्या आदल्या दिवशी विषयपत्रिका त्या दोघांना वाचून, अवघड शब्द समजावून सांगा. मुलांचा विषय पहिला ठेवा, दहा मिनिटं; नंतर हवं तर त्यांनी वर्गात जावं. बसायला इतरांसारखीच खुर्ची. कागदावर चार ओळी लिहून नेल्या तरी चालतील, पाठ करून घेऊ नका. आपण पाठ करून दिलेलं वाक्य मूल म्हणतंय हे पालकांना लगेच कळतं.

गावातल्या वजनदार घरातला मुलगा मागे पडला म्हणून कोणी विचारायला आलं, तर चिठ्ठ्यांची पद्धत दाखवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा निवड आहे हे सांगा. त्या मुलालाही काम द्या. रांगा लावण्यात तरबेज असलेला मुलगा खेळाच्या साहित्याची नोंद चांगली ठेवू शकतो.

एक बाब सभेच्या, वहीच्या, सगळ्याच्या बाहेर आहे. बोलायची जागा तयार झाली की कधीतरी एखादं मूल अंगाला हात लावण्याबद्दल, घरच्या मारहाणीबद्दल सांगेल. पहिल्याच वर्गसभेत मुलांना सांगून ठेवा, 'कोणाला त्रास होत असेल तर तो सगळ्यांसमोर सांगायचा नाही, मला येऊन सांगा, आणि तुझ्या सुरक्षेसाठी मला तो आणखी एखाद्याला सांगावा लागेल.' 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची नुसती माहिती जरी मिळाली, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. शाळेत चौकशी करू नका, मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारू नका, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून मिटवू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा, पोलिसांना कळवा. मदतीसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहा, तिथे मूल एकटं असताना तो वाचतं. तक्रारपेटीही मुख्याध्यापकांच्या दारातून हलवा. तिथे चिठ्ठी टाकताना सगळी शाळा बघते.

पहिल्या दोन-तीन वर्गसभा रिकाम्या जातील किंवा नुसत्या हसण्यात जातील. तो वेळ द्यावाच लागतो. मुलं तुम्हाला तपासून बघत असतात. पहिलं उत्तर आलं की एकदम वीस विषय येतील आणि तुमची दमछाक होईल. तिथे चिंचोके उपयोगी पडतात. फेब्रुवारीत परीक्षांची तयारी सुरू झाली की वर्गसभा पंधरा दिवसांतून एकदा करा, पण तसं आधी परिपाठात सांगा. न सांगता एक शनिवार बुडाला की दुसराही बुडतो. उद्या तुमची बदली झाली तर ही वही चार्ज देताना इतर रजिस्टरांबरोबर यादीत लिहून द्या.

या शनिवारी एवढंच करा. त्याआधी सरांशी बोलून तीन याद्या तयार ठेवा, तुमच्याच वर्गाला गोल बसवा आणि चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून घ्या: काल शाळेत तुला कशासाठी थांबावं लागलं? चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा. त्यातली एक अशी निवडा जिचं काम तुम्ही स्वतः, कोणालाही न विचारता, पुढच्या शनिवारच्या आत करू शकाल. ते करा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहून सोमवारी वाचायला त्याच वर्गातल्या एखाद्या मुलीच्या हातात द्या.